ठेवायला जागा

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुका. तिथं पाचशेच्या आतबाहेर, आणि तोही येईलच याची खात्री नाही. माणगंगेचं पात्र वर्षातले बरेच महिने वाळूचंच असतं. मेंढरं, घोंगड्या, बाजरी आणि कामासाठी मुंबईपर्यंत गेलेले पुरुष, अशी या भागाची ओळख मी खटावातल्या माहेरी लहानपणापासून ऐकत आले. आमचा तालुका माणला लागूनच, दुष्काळात तितकाच होरपळणारा. तरी माणमधल्या म्हसवडच्या बँकेची गोष्ट मला बऱ्याच उशिरा नीट कळली, आणि कळल्यावर बँक म्हणजे काय याबद्दलची माझी समजूतच बदलली.

ती गोष्ट कर्जापासून सुरू होत नाही. मला तिच्यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

नव्वदचं दशक. म्हसवडमध्ये कांताबाई नावाची एक बाई रस्त्याच्या कडेला लोहारकाम करायची, वेल्डिंग करायची. राहायचीही तिथंच, पोराबाळांसकट. पावसाळ्याआधी डोक्यावर टाकायला तिला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी रोजच्या कमाईतून थोडं थोडं बाजूला टाकायची तिची तयारी होती, पण ते पैसे ठेवणार कुठं? म्हणून तिला बँकेत खातं हवं होतं. बँकेनं नकार दिला. एवढ्या लहान रकमेचं खातं परवडत नाही, असं कारण दिलं. तेव्हा ती चेतना गाला सिन्हांकडे आली. चेतना मूळच्या मुंबईच्या, अर्थशास्त्र शिकलेल्या, जयप्रकाश नारायणांच्या चळवळीतून घडलेल्या. विजय सिन्हांशी लग्न करून त्या म्हसवडला आल्या आणि तिथल्याच झाल्या. कांताबाईंबरोबर त्या स्वतः बँकेत जाऊन आल्या, तरी उत्तर तेच मिळालं.

या बाईनं कर्ज मागितलं नव्हतं. अनुदान नाही, माफी नाही, ओळखीवर काही सवलत नाही. स्वतःच्या कष्टाचे पैसे कुणीतरी सांभाळून ठेवावेत, एवढंच तिचं म्हणणं होतं. आणि स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होत आली तरी म्हसवडसारख्या बाजाराच्या गावात तेवढी सोय तिच्यासाठी नव्हती.

गरिबाच्या पैशाचा विचार आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या कर्जाच्या बाजूनंच झाला. त्याला कारणही तसंच होतं. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले, दप्तरं आणि कर्जरोखे जाळले, आणि पुढचे काही आठवडे पुणे-नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत तेच होत राहिलं. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासाच्या पुस्तकात आपण ते वाचतो. त्यानंतर सरकारनं आयोग नेमला, १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला, आणि पुढं १९०४ साली सहकाराचा पहिला कायदा झाला तो सहकारी पतसंस्थांचा. म्हणजे आपल्या सहकारी बँकांच्या घराण्याचा मूळपुरुष सावकाराला पर्याय म्हणून जन्माला आला. कर्ज कुणाला द्यायचं, किती व्याजानं, कशाच्या तारणावर, बुडालं तर काय, याच प्रश्नांभोवती सगळी रचना उभी राहिली. पोस्टाची बचत बँक १८८२ पासून होती, हे खरं. पण जिला दिवसभर खुरपायचं किंवा घण मारायचा आहे तिनं पोस्टाच्या खिडकीपर्यंत कधी जायचं, आणि गेलीच तर अर्ज कुणाकडून भरून घ्यायचा?

माझ्या आजीकडे पैसे ठेवायच्या जागा होत्या. तांदळाच्या डब्यात तळाशी, उतरंडीतल्या एका मडक्यात, देव्हाऱ्यातल्या लाल फडक्यात, आणि रोजचे सुटे पैसे कनवटीला. पदराच्या गाठीत असायचे ते खरे तिचे, बाकीचे घराचे. यातली प्रत्येक जागा घरातल्या कुणाला ना कुणाला ठाऊक असायची. दिराला निकड लागली की एक जागा रिकामी व्हायची, पाहुणे आले की दुसरी. आजीनं याबद्दल कधी तक्रार केली नाही, म्हणून आम्हालाही ती तक्रारीची बाब वाटली नाही. मोठी झाल्यावर हिशेब मांडून बघितला तेव्हा कळलं, की आयुष्यभर तिनं मागं टाकलेल्या पैशातला स्वतःच्या मनानं खर्च केलेला भाग फार थोडा होता.

घराबाहेरच्या जागाही होत्या. त्यातली भिशी मला आजही मोठी करामत वाटते. कागद नाही, कायदा नाही, शिक्का नाही. दहा-बारा बायकांचा शब्द आणि दर महिन्याला चिठ्ठी. पण चिठ्ठी निघेल तेव्हाच पैसे. प्लास्टिकचा कागद मिरगाच्या आधी हवा आणि भिशी लागली दिवाळीत, तर त्या भिशीचा काय उपयोग? दुसरी जागा सोनं. मणी-डोरलं, एखादं फुलं-झुबं. आणि तिसरी शेळी. माणदेशात शेळी म्हणजे चालतीबोलती ठेव. अडीनडीला विकता येते, मधल्या काळात करडं देते. मात्र दुष्काळ पडला की गावातल्या सगळ्यांनाच एकाच वेळी शेळ्या विकायच्या असतात आणि बाजारात भाव कोसळतो. ज्या दिवसासाठी साठवलं त्याच दिवशी साठवणीची किंमत निम्मी. कोरडवाहू मुलखातल्या बचतीचं हे दुखणं पुण्या-मुंबईत बसून लक्षात येत नाही.

लहान बचतीला जागा देणारा माणूस आपल्या देशात झाला होता, पण आपल्या भागात नव्हे. तो दक्षिणेत, उडुपीला. डॉ. टी. एम. ए. पै पेशानं वैद्य. त्यांनी उपेंद्र पै आणि वामन कुडवा यांच्या साथीनं १९२५ साली आठ हजार रुपयांच्या भांडवलावर एक बँक काढली, विणकरांना हात द्यावा म्हणून. तीच पुढं सिंडिकेट बँक झाली. १९२८ साली त्यांनी एक योजना आणली : बँकेचा माणूस रोज दारात येईल आणि दोन आण्यांपासून जमेल तेवढी रक्कम घेऊन जाईल. तिचं नाव पिग्मी. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाजारपेठेत दुपारच्या वेळी खांद्याला बॅग लावून दुकान-दुकान फिरणारा पिग्मी एजंट दिसतो. पानवाल्याचे पन्नास, इस्त्रीवाल्याचे वीस, वडापाववाल्याचे शंभर. त्या माणसाला गल्लीतल्या प्रत्येकाचा धंदा आज कसा झाला हे न विचारता कळतं. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन होऊन नाहीशी झाली, पण तिची ही पद्धत नागरी बँकांत आणि पतसंस्थांत अजून पाय रोवून आहे.

पिग्मी महाग पडते. रोज दहा रुपये गोळा करायला माणूस लागतो, त्याला कमिशन द्यावं लागतं, प्रत्येक नोंद करावी लागते. म्हणून मोठ्या बँका तिच्यापासून लांब राहिल्या. कांताबाईंना नाही म्हणणारा बँकेचा अधिकारी त्याच्या हिशेबानं चूक नव्हता. हिशेबच तोकडा होता. ज्या बाईनं सलग वर्षभर रोज दहा रुपये टाकले, ती कर्ज फेडणार की नाही हे सांगायला वेगळा जामीनदार लागत नाही. ते वर्षच तिची पत सांगतं. दहा रुपये गोळा करायचा खर्च हा खरं तर पत तपासायचा खर्च आहे, आणि तसा पाहिला तर तो स्वस्त आहे.

चेतना गाला सिन्हा आणि म्हसवडच्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं आणि रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. तो फेटाळला गेला. अर्जावर प्रवर्तक म्हणून ज्या बायकांची नावं होती त्यांतल्या अनेकींचे अंगठे होते, आणि निरक्षर बायका बँक कशी चालवणार, हा आक्षेप होता. चेतना निराश होऊन परतल्या. बायका नाही झाल्या. त्या लिहा-वाचायला शिकू लागल्या, आणि काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला गेल्या. तिथं त्यांनी जे सांगितलं ते चेतनांनी पुढं अनेक ठिकाणी जाहीरपणे सांगितलं आहे : आमच्या गावात शाळा नव्हती म्हणून आम्ही शिकलो नाही, पण आम्हाला हिशेब येतो. कुठल्याही मुद्दलावर व्याज काढायला सांगा. तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा, बघू कुणाचं आधी होतं.

हा किस्सा लोक कौतुकानं सांगतात. तो ऐकताना त्या हिशेबामागचं शिक्षण मला आठवतं. बायकांना व्याज तोंडपाठ होतं कारण त्यांनी ते जन्मभर भरलं होतं. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच, वर्षाला साठ. बाजारात भाजी विकणारी सकाळी नऊशे घेऊन संध्याकाळी हजार परत करते. तिला त्या शंभराचा अर्थ कुणी समजावून द्यावा लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या त्या खोलीत सगळ्यात जास्त व्याज भरलेली माणसं ह्या बायका होत्या.

१९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. तेराशेवर बायका सभासद झाल्या आणि त्यांच्याकडून सात लाखांच्या आसपास भांडवल उभं राहिलं. ग्रामीण बायकांनी बायकांसाठी चालवलेली अशी बँक देशात त्याआधी नव्हती.

बँक उघडली आणि बायका आल्या नाहीत. बँकेत यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. मग बँकेच्या मुली गावोगावी, आठवडी बाजारात, दारात जाऊ लागल्या. उडुपीच्या पिग्मीचीच ही माणदेशी बहीण. पुढं दुसरी अडचण आली : पासबुक घरी ठेवलं की नवऱ्याच्या हाती लागतं, रक्कम कळते, आणि कळली की मागितली जाते. माझ्या आजीच्या तांदळाच्या डब्याचंच हे नवं रूप. त्यावर पासबुकाऐवजी कार्ड आलं. पुढं डिजिटल व्यवहारांची वेळ आली तेव्हा चेतनांनी बायकांना पिन नंबर समजावला. बायकांनी तो नाकारला. नंबर काय, कुणीही विचारून घेईल, घरातलं माणूस दरडावून घेईल. अंगठा कुणाला देता येत नाही, अंगठ्यावर चालेल असं काहीतरी करा. ज्या अंगठ्यापायी परवाना अडला होता, तोच त्यांनी सगळ्यात भरवशाचं कुलूप म्हणून पुढं केला. बँकेला ते करावं लागलं.

ही बँक वाढली ती अशी. बाईनं अडचण सांगायची आणि बँकेनं तिच्या मागं जायचं. २००६ साली बायकांसाठी उद्योगाचं शिक्षण देणारी शाळा सुरू झाली, आणि ज्यांना तिथपर्यंत येता येत नाही त्यांच्यासाठी बसमध्ये वर्ग भरू लागले. २००८ मध्ये माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झालं. बँकेनं रेडिओ कशाला चालवायचा, असं कुणाला वाटेल. पण जिला वाचता येत नाही तिला शेळीचा आजार, बाजारभाव आणि कर्जाचा हप्ता हे सगळं कानानंच कळायचं असतं. शाळेसाठी लांबच्या गावाहून पायपीट करणाऱ्या मुलींना सायकली मिळाल्या. शेळ्यांची जात सुधारण्यासाठी बायकांनाच कृत्रिम रेतन शिकवलं गेलं, आणि बायका शेळ्यांच्या डॉक्टर म्हणून गावागावांत फिरू लागल्या. यातल्या कित्येक गोष्टी बँकेच्या जोडीच्या फाउंडेशननं केल्या, बँकेच्या पैशातून नव्हे. हा फरक महत्त्वाचा आहे. ठेवीदाराचा पैसा आणि समाजकार्याचा पैसा एकाच पिशवीत टाकला असता तर दोन्ही संपले असते.

२०१२-१३ चा दुष्काळ आमच्या भागात अजून तारखेसारखा सांगतात. त्या वर्षी केराबाई नावाची एक खातेदार सोनं गहाण ठेवायला बँकेत आली. कशासाठी, तर चाऱ्यासाठी. जनावरांना चारा-पाणी मिळेना. तिनं विचारलं, पाणीच नसेल तर तुमच्या बँकेचं, तुमच्या शिक्षणाचं काय करायचं? त्या प्रश्नाला बँकिंगच्या कुठल्याच पुस्तकात उत्तर नव्हतं. त्यातून म्हसवडला जनावरांची छावणी उभी राहिली. हजारो जनावरं आणि त्यांच्या मागं आलेली कुटुंबं दीड वर्ष तिथं राहिली. वर म्हटलं तसं, दुष्काळात सगळे एकदम विकायला निघाले की साठवणीची किंमत कोसळते. छावणीनं ती विक्री थांबवली. मी तिच्याकडे दानधर्म म्हणून बघत नाही. म्हसवडच्या बायकांच्या ठेवी चार पायांवर उभ्या होत्या, आणि त्या वाचवणं हे ठेव सांभाळण्याचंच काम होतं.

सहकारी बँकांबद्दल एवढं आपुलकीनं लिहिताना दुसरी बाजू टाळता येणार नाही. १९६० साली केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ पासून देशात ठेव विमा सुरू झाला, म्हणजे बँक बुडाली तरी ठेवीदाराला ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे मिळायची हमी. संरक्षण प्रत्येकी १,५०० रुपयांचं. पुढं सहकारी बँकाही त्यात आल्या. पण विमा असला तरी पैसे अडकण्याची भीती जात नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येतील असं सांगण्यात आलं. ती मर्यादा नंतर टप्प्याटप्प्यानं वाढली. एकाच बांधकाम समूहाला दिलेली कर्जं एकवीस हजारांवर बनावट खात्यांमागं लपवली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली, २०२१ मध्ये ती रक्कम नव्वद दिवसांत देण्याची तरतूद झाली. ठेवीदारांच्या अश्रूंनी मिळवलेले हे बदल आहेत.

हे पुन्हा पुन्हा का होतं, यावर संचालकांचा भ्रष्टाचार, राजकारण ही उत्तरं ठरलेली असतात आणि ती खोटी नाहीत. मला मात्र त्याच्याही खाली एक दोष दिसतो. सहकारी बँकेत मत असतं सभासदाला. कर्ज हवं असेल तर शेअर घ्यावे लागतात, म्हणजे कर्जदार आपोआप सभासद होतो. नुसती ठेव ठेवणाऱ्यावर तशी सक्ती नाही. निवृत्तीची रक्कम ठेवलेल्या काकांना वार्षिक सभेत मत नसतं, आणि असलं तरी ते जात नाहीत. म्हणून ज्यांना पैसे न्यायचे असतात ते संचालक निवडतात, आणि ज्यांचे पैसे असतात ते भरवशावर बसून राहतात. १९०४ साली सावकाराला पर्याय म्हणून उभी राहिलेली रचना कर्जदाराच्या सोयीची होती, ती तशीच चालत आली. २०२० च्या कायदादुरुस्तीनं रिझर्व्ह बँकेला सहकारी बँकांवर जास्त अधिकार दिले तेव्हा सहकाराच्या स्वायत्ततेवर घाला आला म्हणून ओरड झाली. मला ती दुरुस्ती गरजेची वाटते. ज्या ठेवीदाराला आतून आवाज नाही, त्याच्यासाठी बाहेरून तरी कुणीतरी पहारा द्यायला हवा.

माणदेशीत हा दोष कमी जाणवतो, कारण तिथं ठेवणारी आणि नेणारी बहुतेक एकच बाई असते. आज वीस रुपये टाकणारीच सहा महिन्यांनी शेळीसाठी किंवा भाजीच्या गाडीसाठी कर्ज घेते. बँक बुडाली तर आपलंच बुडणार हे तिला कुणी सांगावं लागत नाही. मोठ्या शहरात, मोठ्या रकमांत ही एकजूट टिकत नाही, आणि म्हणूनच वाढीचा आकडा बघून कुठल्याही बँकेचं कौतुक करायला मी बिचकते.

२०१४ च्या ऑगस्टपासून जनधन खाती निघाली आणि कागदावर तरी कांताबाईंचा प्रश्न सुटला. खातं नाही असं आता कुणी म्हणू शकत नाही. पण गावात त्या खात्यापेक्षा जास्त पोचलेत ते मायक्रोफायनान्स कंपन्यांचे वसुलीवाले. गटानं कर्ज, आठवड्याला हप्ता, एकीनं चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा. हा माणूसही दारात येतो, पैसेही रोखीनंच नेतो. फरक एवढाच की तो आधी देतो आणि मग घेत राहतो. बाईच्या नावावर साठतं काहीच नाही. पुन्हा आपण कर्जाच्याच बाजूनं सुरुवात केली.

बाजारात गेले की मी हल्ली एक गोष्ट बघते. कोथिंबिरीच्या जुडीपासून बोंबलाच्या टोपलीपर्यंत सगळीकडे मोबाइलनं पैसे घ्यायचा चौकोनी कोड लावलेला असतो. खरेदी झाली, दोन शब्द बोलणं झालं, की विचारते : मावशी, हे पैसे जातात कुणाच्या खात्यात? काहीजणी आपलं नाव सांगतात. पुष्कळजणी लेकाचं सांगतात, काही नवऱ्याचं. लागतील तेव्हा मागून घेते, असं म्हणतात. रोख होती तोवर संध्याकाळपर्यंत तरी ते पैसे त्यांच्या कनवटीला असायचे.